निळे दगड चाललेच नव्हते

शनिवार, ४ मे

दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट कळवली. ती आधी दुरुस्त करते, ख्यालीखुशाली नंतर.

मी लिहिलं होतं की मार्चच्या वादळात आमचे निळे दगड बाबांच्या घरावरून पुढे, खालच्या पुलापर्यंत गेले. म्हणजे दरडीचा ढीग घर ओलांडून गेला आणि आता काळजीचं कारण नाही. त्यातलं दगड खालच्या पुलाजवळ सापडले एवढंच खरं आहे. ते नदीनं नेलेले नव्हते.

तुला वाटेल, दगडांचं काय एवढं. म्हणून नीट सांगते. दोन वर्षांपूर्वी डोंगराची एक बाजू नदीत आली, ते तुला माहीत आहे. त्यातली माती पाण्याबरोबर त्याच आठवड्यात निघून गेली. तेव्हा नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. वाळू मागोमाग थोडी थोडी सरकली. राहिले गोटे. गोटे रोज हलत नाहीत. वर्षभर नदी त्यांच्यावरून नुसती वाहते. मोठं वादळ आलं की ते उठून चालायला लागतात, आणि पाणी उतरलं की असतील तिथे बसतात, पुढच्या वादळापर्यंत. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी पहिल्या खेपेला जातात आणि लोखंडी कपाट जिन्यात अडकून बसतं, तसं. पण हा ढीग जिथे बसतो तिथे नदीचा तळ वर येतो. तळ वर आला की पूर्वी काठात मावायचं तेवढंच पाणी आता घरात शिरतं.

म्हणून ढीग कुठे आहे हे कळणं महत्त्वाचं. त्यासाठी आम्ही नदीमापन कार्यालयातली माणसं वरच्या बंधाऱ्यापाशी ढिगातलेच दगड काढतो, निळे रंगवतो, नंबर घालतो, आत लोहचुंबक बसवतो आणि परत नदीत सोडतो. वादळानंतर शोधयंत्र घेऊन हुडकत हिंडायचं. या वेळी खालच्या पुलाजवळ, मी गाडी लावते तिथून हाकेच्या अंतरावर, दोन डझनांहून जास्त दगड सापडले. मी आनंदानं तसा अहवाल दिला. त्यावरून बाबांच्या ओळीतली सातही घरं ‘रिकामी करायची’ या यादीतून निघाली. आणि मी तुला पत्र लिहिलं.

या आठवड्यात फोटो काढायला दगड प्रयोगशाळेत टेबलावर मांडले. रंग कुठेच उडालेला नव्हता. वादळात गडगडत आलेल्या दगडाचे कोपरे आधी सोलवटतात, सारख्या पडणाऱ्या पोराच्या गुडघ्यांसारखे. हे नुसते ओले झालेले होते. दुसरं म्हणजे, आम्ही लिंबाएवढ्यापासून घागरीएवढ्यापर्यंत सगळे रंगवले होते. पुलाजवळच्या दगडांत एका माणसाला उचलता येणार नाही असा एकही नव्हता. मग मी यंत्र घेऊन वर चालत गेले. घागरीएवढे सगळे घराच्या वरच्या वळणावर आहेत. तू जिथे पोहायला शिकलास तो डोह आता भरून गेलाय, गुडघाभर पाणी राहिलंय. ढीग तिथे बसलाय. पुढचं मोठं वादळ त्याला घरासमोर आणून ठेवील.

दगड कुणीतरी उचलून नेले. कुणी, ते कळलेलं नाही. आसपासची मुलं असतील.

वहिनीला आणि छोटीला घेऊन पंचवीस तारखेला येऊ नकोस. तीन वर्षांनी तू ‘येतो’ म्हणालास आणि मीच ‘नको’ म्हणतेय, याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही. बाबांनी वरची खोली रंगवायला काढली आहे. जिन्याच्या सुरुवातीला एक बुटकी पायरी नव्यानं बांधलीय, छोटीच्या पायाच्या मापाची. तिचं वय विचारून अंदाजानं केली. मी त्यांना अजून काही बोललेले नाही.

तुझं मापटं


बुधवार, ८ मे

दादा,

आणखी एक दुरुस्ती. ‘कुणी, ते कळलेलं नाही’ हे खोटं होतं. लिहितानाच मला माहीत होतं. त्याच्या आधीच्या रविवारी बाबांच्या अंगणात त्यांचं घमेलं उपडं पडलेलं मी पाहिलं होतं आणि त्याच्या काठाला निळा रंग होता. आमच्याच डब्यातला निळा, मी ओळखते. तो मीच कालवलाय. तरी मी ‘मुलं असतील’ लिहिलं आणि पाकीट टाकून आले. तेव्हापासून घास गोड लागला नाही. परवा कामावरून थेट त्यांच्याकडे गेले.

‘बाबा, घमेल्याला निळा रंग कसला?’

‘खिडक्यांचा.’

‘खिडक्या हिरव्या आहेत.’

‘हिरव्या का? मग चष्मा बदलायला झाला.’

‘बाबा.’

‘अगं हो, आणले मी. त्यात काय चोरी केली? तुझे दगड तिकडे वर काट्याकुट्यांत पसरलेले. ते यंत्र खांद्याला लावून तू हिंडतेस, संध्याकाळी बघावं तर चेहरा सुकलेला. म्हटलं, पोरीच्या गाडीजवळ नेऊन ठेवावेत. कुणाची वस्तू पडलेली दिसली की जागेवर ठेवायची, हे मीच शिकवलंय ना तुम्हाला?’

मला हसू आलं. खरंच आलं. म्हणजे माझ्या कार्यालयानं सात घरांचा निर्णय घेतला तो नदीच्या नव्हे, बाबांच्या घमेल्याच्या जोरावर. ते म्हणाले, ‘हसतेस काय, खांदे गेले माझे.’ मी त्यांच्या खांद्याला तेल चोळून दिलं आणि तिथेच जेवले.

मी विश्वास ठेवला, कारण आपण दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलो. शाळा नदीपलीकडे, पुलाचं काम रखडलेलं, त्यामुळे आपली पहिली वर्षं घरातच गेली. वाचन आईकडे, मोजमाप बाबांकडे. अर्ध्या बांधलेल्या भिंतीला ओळंबा सोडून ते विचारायचे, ‘सरळ आहे का?’ तू एकदा ‘जवळजवळ सरळ’ म्हणालास, तेव्हा काय बोलले आठवतं? ‘जवळजवळ सरळ भिंत जवळजवळ माणसाच्या डोक्यावर पडते.’ तू ते विसरून गेलास आणि मजेत राहिलास. मी विसरले नाही, म्हणून तू माझं नाव मापटं ठेवलंस. अशा माणसानं दगड हलवले ते माझ्या काळजीपोटीच, असं मी धरून चालले आहे. दुरुस्तीत ‘सद्हेतूनं’ हा शब्द घालीन म्हणते.

तुझ्याबद्दल विचारत होते. ‘लाटसाहेबांचं तिकीट निघालं का?’ असं. मी पाणी प्यायला उठले.

तुझं मापटं


बुधवार, १५ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. ‘म्हातारा इतका साधाभोळा कधीपासून झाला?’ हे वाक्य वाचून मला तुझा फार राग आला. तीन वर्षांत तू त्यांना एकदाही पाहिलेलं नाहीस. तू ‘हे नदीकाठचं घर सोडा’ म्हणालास, ते म्हणाले ‘मग तू आधी जा’, आणि तू गेलास. इथे राहून त्यांना रोज बघते ती मी. तुला खोटं पाडायचंच म्हणून मी काल त्यांच्याकडे गेले, हे प्रामाणिकपणे सांगते.

ते वरच्या खोलीत खिडकीला गज बसवत होते. दाट, छोटीचं डोकं जाणार नाही असे.

मी म्हटलं, ‘बाबा, एकच विचारते. दगड उचललेत तेव्हा ते कशासाठी आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?’

‘तूच तर सांगितलं होतंस. इथेच बसून. भाकरी गार होईपर्यंत सांगत होतीस.’

‘म्हणजे माहीत होतं.’

‘तो पेचकस दे.’

मी दिला. त्यांनी एक स्क्रू घट्ट बसवला, मग दुसरा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘दगड पुढे गेले तर घर यादीतून निघतं. घर यादीतून निघालं तर तो येतो. एवढं गणित मलाही येतं.’

‘आणि नदी? नदी काय माझा अहवाल वाचून चालणारे?’

‘माझं घर पडणार नाही. मी बांधलंय ते.’

‘घर नाहीच पडणार, बाबा. पाणी खिडकीतून येईल. तुम्ही ज्या खिडकीला गज लावताय तिच्या खालच्या खिडकीतून.’

‘तेव्हा बघू. वर जाऊ सगळे.’

‘छोटीला घेऊन?’

त्यांनी पुढचा गज उचलला. मी म्हटलं, ‘ओळंबा कुणाची बाजू घेत नाही, असं तुम्ही सांगायचात.’

‘ओळंब्याला नातवंड नसतं,’ ते म्हणाले.

चहा ठेवलेला होता, तो न घेताच मी खाली उतरले. तू बरोबर होतास. ‘सद्हेतूनं’ हा शब्द काढते.

बाहेर शेजारच्या शिवणकाकूंनी हाक मारली. त्यांनी मशीन आणि कपाट त्यांच्या बहिणीकडे हलवलं होतं, ते सगळं परत आणलंय. ‘तू लिहून दिलंस म्हणून आले गं बाई. तिकडे तिचा नवरा रोज विचारायचा, ही घरघर कधी थांबणार. मी म्हटलं, तुमची घोरण्याची थांबली की.’ त्या हसत होत्या. मला एवढंच सुचलं, ‘काकू, मशीन वरच्या खोलीत ठेवा.’ ‘का गं? वर उजेड कुठाय?’ ‘तरी ठेवा,’ म्हणून मी चालू लागले. हे सांगणं झालं का? नाही झालं. अर्धं सांगून सुटका करून घेतली.

आता तुझ्या सूचनेबद्दल. तू म्हणतोस, कार्यालयाला कळव की दगड हलवले गेले, पण बाबांचं नाव घालू नको. या वयात त्यांना चारचौघांत उभं करू नको. मी त्यावर पुष्कळ विचार केला. तसं होणार नाही, आणि का होणार नाही ते लिहिते. एकदा बदललेली यादी पुन्हा बदलायची तर समितीला कारण लागेल. ‘कुणीतरी हलवले असावेत’ यावर पहिलाच प्रश्न येईल, कशावरून? घागरीएवढे दगड वर अडकले आणि लहान पुढे गेले असंही होऊ शकतं, असं कुणीही म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. नदी तसंही वागते. फक्त या वेळी वागली नाही, आणि हे खात्रीनं सांगू शकणारा माणूस एकच आहे. कुठला दगड कुठून उचलला, हे फक्त बाबा सांगू शकतात. नाव वगळलं तर दुरुस्ती म्हणजे नुसती माझी शंका उरते, आणि माझ्या शंका कार्यालयात सगळ्यांना पाठ आहेत. पुढच्या वादळानं खरंखोटं केलं तर तेव्हा यादीचा काही उपयोग नाही.

मला त्यांना उघडं पाडायचं नाही. पण त्या ओळीत सात घरं आहेत, आणि आपलं त्यातलं एकच आहे.

तुझं मापटं


रविवार, १९ मे

दादा,

शुक्रवारी कार्यालयात आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या वीस वर्षं नदीवर आहेत, सहसा चिडत नाहीत. त्यांनी निळ्या दगडांपैकी एक उचलून हातात फिरवला.

‘कोपरे मीही बघितले नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली बातमी होती ना. चांगली बातमी कुणी उलटून बघत नाही.’

मग म्हणाल्या, ‘दोन महिन्यांत दुसऱ्यांदा यादी बदलली तर लोक आपल्याला दगड मारतील. तेही आपणच रंगवलेले.’ मी हसले नाही म्हणून पुढे म्हणाल्या, ‘तू लेखी दिलंस तर मी समितीपुढे ठेवीन. तू नाही दिलंस तर मागणार नाही. पण जूनमध्ये वादळं पुन्हा सुरू होतात, हे तुला मी सांगायला नको.’ मी लेखी देते म्हटलं. माझ्याकडचं नदीवरचं काम बहुधा काढून घेतील, निदान काही दिवस. ते योग्यच आहे. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि त्याच्या आधी रात्रभर जागले असते.

काल बाबांना सांगायला गेले. मनात शंभर वाक्यं जुळवली होती, दारात पोचेपर्यंत सगळी गेली.

‘बाबा, दुरुस्तीत मी तुमचं नाव लिहिणार आहे.’

‘लिही. पूर्ण लिही. अर्धवट लिहिलंस तर दुसऱ्याच कुणाला धरतील.’

‘कुठला दगड कुठून उचलला तेही सांगावं लागेल.’

त्यांनी लगेच चप्पल घातली. आम्ही दोघं वरच्या वळणापर्यंत चालत गेलो आणि त्यांनी एकेक जागा दाखवली. हा या उंबराच्या मुळाशी होता. हे तीन इथे एकाला एक लागून. मी नकाशावर खुणा करत होते. एका ठिकाणी अडखळले, मग म्हणाले, ‘हा नक्की आठवत नाही. अंदाज लिहू नकोस, सोडून दे.’ दादा, हाच माणूस. मला कळेना हसू की रडू. भरलेल्या डोहाशी आल्यावर मात्र ते थांबले. इकडून तिकडे सगळे गोटेच गोटे. त्यांनी काठी आत घातली, ती लगेच टेकली. दुसऱ्या जागी घातली, तिथेही टेकली.

‘एवढं भरलंय,’ ते म्हणाले.

‘तुम्ही इथूनच तर दगड उचललेत.’

‘मी निळे बघत होतो.’

परत येताना म्हणाले, ‘यादी दाराला लावायला कोण येतं? ती खळीनं लावतात, पावसात निघून जाते. रंग आहे माझ्याकडे, मीच चौकट काढून देतो.’ मला वाटलं, ऐकलं. म्हणून विचारलं, ‘मग माझ्याकडे कधी येताय? दोन खोल्या आहेत, पुरतील.’

‘यादी लावा, चौकट लावा, तोरण लावा. मी घर सोडणार नाही. तुझी दुरुस्ती खरी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो मला विचारून गेला नाही आणि नदीही विचारून येणार नाही. दोघांसाठी मी कशाला जागा बदलू?’

तू लिहिलं आहेस की ते ऐकणार नसतील तर चार माणसं नेऊन त्यांना उचलून आणावं. आणता येतील. तिसऱ्या दिवशी ते परत जाऊन दार उघडून बसतील, आणि मग मलाही घरात घेणार नाहीत. मी ते करणार नाही.

बाबांना स्वतःसाठी नदीची भीती वाटत नाही, हे मला काल डोहाशी कळलं. काठी टेकली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला तो स्वतःसाठी नव्हता. ते त्या बुटक्या पायरीचा विचार करत होते. म्हणून मी एक ठरवलं आहे: मीही त्या घरात राहायला जाणार. ते तुला आधी सांगते, म्हणजे मी कुठलीच गोष्ट लपवून केली असं होणार नाही. त्यांनाही आज संध्याकाळी सांगणार आहे, याच शब्दांत.

यात जबरदस्ती आहे, हे मला कळतं. तू घरी यावास म्हणून त्यांनी दगड हलवले, आणि त्यांनी हलावं म्हणून मी स्वतःला तिथे नेऊन ठेवतेय. फरक एवढाच की मी सांगून करतेय. तो फरक पुरेसा आहे की नाही, याची मला खात्री नाही. आणि मला भीती वाटते. पाणी चढल्याचा आवाज आला की मी पलंगावर पाय वर घेऊन बसायचे, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही. त्यांना माहीत आहे म्हणूनच याचा उपयोग होईल.

तू त्यांना दोन ओळी लिही. माझ्याबद्दल नाही, घराबद्दलही नाही. ते माझ्या दोन खोल्यांत राहायला आले तर तू तिथे छोटीला घेऊन येशील का, एवढंच. ‘नाही’ असेल तर लिहूच नकोस. ‘येईन’ असेल तर कधी ते लिही.

बैठक गुरुवारी सकाळी आहे. मी दुरुस्ती वाचून दाखवीन, बाबांच्या पूर्ण नावासकट. तिथून शिवणकाकूंकडे जाईन आणि यादी दारावर लागायच्या आधी त्यांना समोर बसून सगळं सांगीन. त्या बोलतील ते ऐकून घेईन. मग गादी, कपडे आणि पुस्तकं घेऊन बाबांकडे जाईन, नदीकडच्या खालच्या खोलीत. ते ज्या दिवशी घर सोडतील त्याच दिवशी मी सोडीन, त्याआधी नाही, वादळाची सूचना आली तरी नाही.

तेव्हा यापुढची पत्रं माझ्या खोलीवर पाठवू नकोस. गुरुवार, २३ मेच्या संध्याकाळपासून माझा पत्ता आपल्या घराचा.

तुझं मापटं